साखळीचा श्वास

"ही बाजू रिबका एकटी गाईल," शांतवनकाका म्हणाले, आणि आम्हा तिघांच्या हातातले चहाचे कप होते तिथंच थांबले.

गिरगावातली रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना जाड कांबळी लटकवलेली, पंखा बंद, कोपऱ्यात एक उबदार कपाट आणि त्यात गाणं कोरून घ्यायच्या, भाकरीएवढ्या मोठ्या, जाड मेणाच्या तबकड्या. डिसेंबर असूनही पाठीवरून घामाच्या धारा लागलेल्या. रेकॉर्डची एक बाजू नुकतीच झाली होती, नेहमीसारखी चौघांनी मिळून. दुसरीही तशीच व्हायची होती. महिनाभर तसाच सराव झाला होता.

मशीनवरचे दस्तूरसाहेब दारातून डोकावले. "अरे पाटोळे, कंपनीनं चार माणसाचं गाणं मागितलं. आता तू बोलतो एकच पोरगी?"

"बाकीचे मागं गुणगुणतील साहेब. शब्द तिचे एकटीचे."

"आपल्याला काय! गाणं चांगलं व्हायला पायजे. दहा मिनिटं घ्या. मेण गरम हाय." आणि ते आत गेले.

 रिबकाताईनं गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला.

आम्ही नगरचे पाटोळे. रेकॉर्डवर 'पाटोळे मंडळी' छापलेलं असायचं, लोक 'पाटोळे चौकडी' म्हणायचे. शांतवनकाकांचा खर्ज, त्यांचा मुलगा दाऊद याचा मधला सूर आणि पेटी, माझी थोरली बहीण रिबका वरच्या सुरात आणि तिच्या खाली मी, सुवार्ता. आईवडील लहानपणीच गेल्यावर काकांनीच आम्हा बहिणींना वाढवलं. ताई तेव्हा बावीस वर्षांची, मी सतरा. दोन वर्षांत आमच्या पाच रेकॉर्डी निघाल्या होत्या. चार आवाज एकदम, चार वाटांनी चालणारे आणि तरी एकाच घरी पोचणारे, असं मराठीत तोवर कुणी ऐकलं नव्हतं. हॉटेलवाले दारात ग्रामोफोन ठेवून आमचं गाणं लावायचे.

काका मुळात कीर्तनकार. त्यांचं कीर्तन ऐकलं नसेल त्याला मी काय सांगू! चर्चच्या अंगणात कंदील टांगलेले, काकांच्या हातात चिपळ्या, आणि उधळ्या पुत्राचा बाप वाटेकडं डोळे लावून बसलाय असं ते गायला लागले की समोरची म्हातारी मागं वळून वाटेकडं बघायची. मी आजवर पुष्कळ मोठमोठे वक्ते ऐकले. देव माणसाच्या इतक्या जवळ येऊन बसलेला मात्र मी तिथंच पाहिला.

श्वास चोरायला काकांनीच आम्हाला शिकवलं. ते त्याला 'साखळीचा श्वास' म्हणत. दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकानं शब्दाच्या मध्येच अलगद घ्यायचा, तेवढ्यात दुसऱ्यानं त्याचा सूर धरून ठेवायचा. एक कडी सुटली तरी साखळी तुटत नाही. "आपली धाप आपल्यापाशी," काका म्हणायचे. "देवाच्या दारात गाणं तुटता कामा नये." पुढं भावगीतं गायला लागलो तेव्हाही आम्ही तसंच गायचो. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं होतं, पाटोळे मंडळींना फुप्फुसं नसावीत.

दस्तूरसाहेब आत गेल्यावर काका ताईसमोर स्टुलावर बसले.

"रिबका, रागावू नको. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तूही ऐकलंस. गळ्यातली गाठ आत वाढतेय. दम लागायला लागला असेल तर एक दिवस थांबायचं नाही, लगेच कापायची. लागत नसेल तर ईस्टरनंतर बघू."

"नाही लागत म्हणून किती वेळा सांगू?"

"तू सांगतेस. पण काल जिन्यात तू दोनदा थांबलीस."

"जिना आहे का तो? चार मजले! दाऊद तर रांगत आला."

"मी पेटी घेऊन आलो," दाऊद म्हणाला. "तू आलीस मफलर घेऊन."

काका हसले नाहीत. "डॉक्टरणीकडं नळी आहे, माझ्याकडं कान आहे. तू एकटी गा. मी तिकडं मशीनच्या खोलीत बसून ऐकतो. गाणं अखंड गेलं तर उद्या आपण सरळ सोलापूरला. तिन्ही कार्यक्रम करू. कुठं तुटलं, तर दौंडला गाडी बदलायची आणि नगर. परवा दवाखाना."

"आणि सोलापूरवाले?"

"त्यांना तार करतो. थेटरं काय, पुन्हा मिळतात." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "सुवा, दाऊद, तुम्ही नुसतं गुणगुणायचं. ऐकलंत ना?"

आम्ही माना डोलावल्या.

काका बाहेर गेल्याबरोबर ताईनं माझं मनगट धरलं आणि मला जिन्यावर नेलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती तेव्हा फक्त मलाच ठाऊक होती. जूनपासून ताई उशीला टेकून, बसून झोपत होती. आडवी झाली की तिच्या गळ्यातून बारीक शीळ यायची, बंद दाराच्या फटीतून वारा यावा तशी. गाताना आधी तिला एका ओळीला एक श्वास लागायचा. मग दोन. मग तीन. आणि प्रत्येक वेळी मी खालून वर चढून तिचा सूर धरत होते. आमचे आवाज इतके सारखे की लहानपणी दारातून हाक मारली तर आई विचारायची, "कोण गं?" मागच्या दोन रेकॉर्डींत ताईची म्हणून लोक ज्या ताना ऐकतात त्यातल्या कितीतरी अर्ध्या माझ्या आहेत. साखळीच होती ती. मला त्यात गैर काही वाटत नव्हतं.

"आठ दिवस, सुवा," ताई म्हणाली. "सोलापूर झालं की मी स्वतः जाऊन त्या टेबलावर झोपते. शपथ."

"शपथ घेऊ नये म्हणतात काका."

"मग नुसतंच सांगते. आठ दिवस."

"ताई, तुला आत्ता बोलतानाही..."

"मला माहितेय काय होतंय ते!" ती कठड्याला टेकली. थोडं थांबून हळू म्हणाली, "गाठीच्या बाजूनंच आवाजाची शीर जाते. कापताना दुखावली तर आवाज गेला. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला सांगितलंय. म्हणजे परवा मी झोपेतून उठेन आणि तुला हाक मारेन ती कोंबड्यासारखी. शेजारचे लोक चुली पेटवतील, सकाळ झाली म्हणून." ती हसली, आणि हसताना मध्येच तिला थांबावं लागलं. "एकदा भरल्या थेटरात गायचंय गं. मेणासमोर नाही, माणसांसमोर. मग घेऊ दे त्याला माझा आवाज, ज्यानं दिलाय त्याला."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. पण मी सतरा वर्षांची होते, आणि ताईनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं होतं. आणखी एक आहे, तेही लिहिते. मला ते जमेल का, हे बघायची मला हौस होती. शब्दांसकट, सबंध गाणं.

"काका बघतील," मी म्हणाले.

"काका ऐकताना डोळे मिटतात."

ते खरं होतं. चेहरा दिसला की कान आळशी होतो, असं ते म्हणायचे.

आम्ही आत आलो. दाऊदनं पेटी उघडली होती. दस्तूरसाहेबांनी ताईला मायक्रोफोनपुढं उभं केलं आणि मला दोन हात मागं. त्यांची पाठ वळल्यावर मी पुढं सरकले, माझा खांदा तिच्या खांद्याला लागेपर्यंत. दाऊदनं माझ्याकडं पाहिलं. मग ताईकडं. मग त्यानं मान खाली घालून पेटीच्या पट्ट्यांवर नजर ठेवली आणि गाणं संपेपर्यंत वर केली नाही.

काचेपलीकडं काका खुर्चीत बसले. हात जोडले, ओठ हलले. प्रार्थना करत होते. मग त्यांनी डोळे मिटले.

लाल दिवा लागला.

गाणं साधंच होतं. वाटेवर अंधार पडलेली एक बाई वाटसराला विचारते:

"सांग वाटसरा मला, गाव माझे किती दूर..."

पहिली ओळ ताईनं गायली. काय गायली! माझ्या अंगावर काटा आला, आणि क्षणभर वाटलं, मी उगाच घाबरले, ही आज एकटीच तरून जाईल. 'वाटसरा' म्हणताना तिनं माझा हात दाबला. ती आमची खूण. तिनं श्वास घेतला, मी 'मला' धरलं, तिनं 'गाव' उचललं. पेटी चालली होती. काका हलले नाहीत.

दुसऱ्या कडव्यात तिचा हात दर तिसऱ्या शब्दाला दाबायला लागला. मग प्रत्येक शब्दाला. मग हात दाबलेलाच राहिला. ताईचे ओठ हलत होते, पण त्यातून आवाज येत नव्हता. येत होता तो माझा होता. मी तिच्यासारखी गात होते, तिच्या हरकती, तिचं ते 'र' किंचित लाडानं लांबवणं. तिच्या ओठांचा रंग जांभळासारखा झाला होता. आणि गळ्यातून ती शीळ. ती मेणावर उमटू नये म्हणून मी आवाज थोडा वाढवला.

शेवटचा 'दूर' बारा मात्रांचा. तो सबंध मी गायले.

दिवा विझला. ताई मायक्रोफोनचा दांडा धरून उभी होती, डोळे मिटून. मी झटकन दोन हात मागं झाले.

"फस्कलास!" दस्तूरसाहेब आतून ओरडले. "एकदम फस्कलास!"

काका दार ढकलून आले. त्यांचे गाल ओले झाले होते. ताईच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून ते नुसते उभे राहिले. "एवढा दम," ते म्हणाले. "शेवटची ती ओळ... पोरी, मी उगाच भ्यालो गं. प्रभूची स्तुती असो." मग दस्तूरसाहेबांकडं वळून, "साहेब, एकदा पुन्हा ऐकवता? एकदाच."

"पागल झाला काय? मेणावर सुई ठेवली की मेण खलास. मग पुन्हा गावं लागेल. गाते काय पुन्हा?"

"नको, नको," काका म्हणाले. "मी ऐकलंय ते पुरे."

जिना उतरताना दाऊद माझ्या मागं होता. खालच्या वळणावर तो हळूच म्हणाला, "सुवा, आज फार छान गायलीस."

"मी कुठं गायले?"

"तेच म्हणतोय," तो म्हणाला, आणि पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौंड आलं. काकांची कळी सकाळपासून खुललेली. डब्यातल्या लोकांना त्यांनी कीर्तनातल्या नकला करून हसवलं होतं, एका बाईचं रडकं मूल गाऊन झोपवलं होतं. ताई खिडकीशी बसून होती. दौंड यायच्या थोडं आधी तिचा डोळा लागला आणि मान मागं कलली.

आमची गाडी थांबली. पलीकडच्या फलाटावर नगरची गाडी उभी होती. तिकडून आमच्याकडच्या बोलण्याचे हेल ऐकू येत होते. कुणीतरी कोंबड्यांची पाटी डब्यात चढवत होतं.

इंजिन पाणी घ्यायला गेलं आणि डबा एकदम शांत झाला. त्या शांततेत ती शीळ आली. बारीक, लांब. थांबली. पुन्हा आली.

काकांचं हसू मावळलं. ते ताईच्या तोंडाजवळ वाकले. बराच वेळ तसेच राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

"सर्दी झालीय तिला. कालच्या उकाड्यातनं एकदम गार वाऱ्यात आलो ना."

त्यांनी दाऊदकडं पाहिलं. दाऊद फलाटावर चहा आणायला उतरला. चहाची किटली आमच्याकडं भरलेली होती.

काकांनी खिडकीतून हमालाला हाक मारली. तो आला. काकांनी ताईची ट्रंक बाकाखालून ओढून दारापर्यंत नेली आणि तिथंच, एक हात ट्रंकेवर ठेवून, उभे राहिले.

"काय साहेब, उतरवायची का?" हमाल म्हणाला. "नगरची सुटंल आता."

"थांब बाबा." ते परत माझ्यापाशी आले आणि समोरच्या बाकावर बसले. गुडघ्याला गुडघा लागला. "सुवा, काल मी काचेपलीकडं होतो. मला जे आलं ते यंत्रातनं आलं. तू तिच्या शेजारी होतीस. मी तुला पाच वर्षांची असल्यापासनं सूर ऐकायला शिकवलंय. तुझ्या कानावर माझा माझ्यापेक्षा भरवसा आहे. तू सांग. कुठं तुटला का तिचा दम? एका जागी? अर्ध्या जागी?"

ताईचे डोळे उघडे होते. कधी उघडले कोण जाणे. तिनं मानसुद्धा हलवली नाही. नुसती माझ्याकडं बघत होती.

नगरच्या गाडीची शिट्टी झाली.

"नाही काका," मी म्हणाले. "कुठंच नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. मग उठून ट्रंक पुन्हा बाकाखाली ढकलली, हमालाला उगाच खोटी केलं म्हणून एक आणा दिला. नगरची गाडी आमच्या आधी सुटली. तिचे डबे एकेक करून खिडकीपुढून गेले.

सोलापूरचे दोन कार्यक्रम झाले. थेटर भरलेलं होतं, लोक जिन्यात बसले होते. ताई गायली. आम्ही गायलो. टाळ्या थांबेनात तेव्हा तिनं माझा हात धरून मला पुढं ओढलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती केस विंचरायला बसली. मी आतल्या खोलीत साड्यांच्या घड्या करत होते. फणी पडल्याचा आवाज आला. मी बाहेर येईपर्यंत ती दोन्ही हातांनी गळा धरून उभी होती आणि तिचा छातीचा भाता नुसताच हलत होता, आत काही जात नव्हतं. दाऊद टांगा घेऊन डॉक्टरला आणायला धावला. डॉक्टर आले तेव्हा काकांनी ताईचं डोकं मांडीवर घेतलेलं होतं, आणि डॉक्टरांनी बॅग उघडलीच नाही.

तिला सोलापुरातच पुरलं. आम्ही तिघं नगरला परत आलो.

रेकॉर्ड फेब्रुवारीत आली. त्या बाजूवर ताईचं नाव, एकटीचं. ती खूप खपली. चर्चच्या मंडळीतली बरीच माणसं ऐकायला घरी जमली होती. काकांनी स्वतः किल्ली दिली, सुई ठेवली आणि डोळे मिटले. 'दूर' संपल्यावर सुई तशीच घसटत राहिली. कुणी उचलली नाही. शेवटी काका म्हणाले, "बघा. अजूनही मला तो दम अखंडच ऐकू येतो. अजूनही." आणि त्यांनी आपल्या उजव्या कानावर हाताची चापट मारली, पोराला मारावी तशी. मग आणखी एक. दाऊदनं त्यांचा हात धरला.

त्या महिन्यातच दाऊद पुण्याला कारकुनीवर लागला. तो पुन्हा कधी गायला नाही. माझ्याशीही फारसा बोलला नाही.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत काकांचं कीर्तन असायचं. त्या वर्षी ते करणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. ते उभे राहिले. मी मागं झांज घेऊन बसले. उत्तररंगाला त्यांनी एका पहारेकऱ्याचं आख्यान लावलं. स्वतःच रचलेलं, मी आधी कधी ऐकलं नव्हतं. नगराच्या बुरुजावर एक पहारेकरी. डोळ्यांनी अधू, पण कान असा की कोसावरच्या घोड्याची टाप ओळखायचा. सगळं नगर त्याच्या कानावर विसंबून निजायचं. एके रात्री शत्रू आला. पहारेकऱ्यानं कान दिला, त्याला काहीच ऐकू आलं नाही, आणि त्यानं खाली हाळी दिली, सगळं क्षेम आहे.

"कारण काय?" काका गद्यात आले. "घोड्यांच्या टापांना कापड बांधलं होतं. पण माझ्या मायबापांनो, पहारेकऱ्याला तशी सबब सांगता येते का? नगर विचारतं, तू बुरुजावर होतास की नाही? तुला ऐकायला ठेवलं होतं की नाही?" त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "माझी पुतणी माझ्या हाताशी गुदमरत होती, आणि मी तिचं गाणं ऐकून देवाची स्तुती केली. डॉक्टर सोडून मी माझ्या कानाला विचारलं. तो पहारेकरी मी आहे. रिबकाला मी मारलं."

 एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. काका आख्यानाचं ध्रुपद उचलायला गेले, पण आवाज फुटेना. ते मागं वळून माझ्याकडं बघायला लागले.

टापांना कापड कुणी बांधलं, हे आख्यानात नव्हतं.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी उठून उभी राहिले. मी सांगणार होते. आज इथं लिहिलंय ते सगळं, जिना, दाबलेला हात, दौंड, सगळं माझ्या जिभेपर्यंत आलं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातनं ध्रुपद निघालं. स्वच्छ, वरच्या सुरात. दुसऱ्या आवर्तनाला सगळं अंगण माझ्यामागं गायला लागलं. काका खाली बसले आणि त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. कीर्तन कधी चुकवलं नाही, पण गाणं म्हणून कुणाला शिकवलं नाही. दर वर्षी कुणी ना कुणी आपली लेक घेऊन यायचं, पाटोळे चौकडीचं नाव ऐकून. काका त्या मुलीला जवळ घ्यायचे, खडीसाखर द्यायचे आणि तिच्या बापाला म्हणायचे, "दुसरा गुरू बघा, बाबा. माझा कान खोटा निघाला."

मी तेवढ्यात आत जाऊन पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवायची.